पंधरा ऑगस्टची शिकार

लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. मधे एक रिलीज होतं, ते दोनदा पुढे ढकललं गेलं, आणि शनिवार-रविवार म्हणजे काय असतं हेच विसरायला झालं होतं. आज सकाळी कपाट आवरताना ते गुडघ्यापर्यंतचे बूट हाती लागले. अजून चिखल तसाच आहे. बूट माझे नव्हेत, परत करायचेत. म्हटलं, परत करायच्या आधी लिहून तरी टाकू.

तर गोष्ट १५ ऑगस्ट २०२५ची, शुक्रवारची. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून तिरंगे येत होते. आमच्या इथलं झेंडावंदन रविवारी होतं (परदेशात सगळे सण वीकेंडलाच येतात, एक बरं आहे). आणि मी मात्र सुट्टी टाकून साउथ कॅरोलायनातल्या एका सोयाबीनच्या शेताच्या कडेला, जमिनीपासून पंधरा फुटांवर, झाडाला बांधलेल्या लोखंडी शिडीच्या टोकाला जे बाकडं असतं त्याच्यावर, कमरेला पट्टा अडकवून घामाने निथळत बसलो होतो. शेजारी अण्णा. अण्णांच्या मांडीवर रायफल.

अण्णा म्हणजे आमचे डीबीए. खरं नाव अर्थातच वेगळं. वय अठ्ठावन्न, पांढरी दाढी, जन्म इथलाच. बोलणं इतकं संथ की सकाळच्या कॉलमध्ये त्यांचं एक वाक्य संपायच्या आत कोणीतरी "तुम्ही म्यूटवर आहात" असं सांगून मोकळं होतं. दर वाक्याआधी खाकरतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात अण्णा म्हणतो. आमच्या गल्लीतले अण्णाही असेच खाकरायचे.

आता १५ ऑगस्टच का, तर साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडच्या सखल भागात, ज्याला इथे लोकंट्री म्हणतात, खासगी जमिनीवर हरणाच्या शिकारीचा हंगाम याच तारखेला उघडतो. अमेरिकेत इतरत्र शिकार म्हटली की थंडी, गळालेली पानं, तोंडातून निघणारी वाफ असं चित्र असतं. इथे भर उन्हाळा असतो. पारा ३४-३५, आणि दमटपणा असा की मुंबईचा मे महिना बरा वाटावा. हरणांच्या शिंगांवर तेव्हा अजून मखमल असते. म्हणजे शिंगं वाढत असताना त्यांच्यावर जे केसाळ, रक्ताने भरलेलं कातडं असतं ते. सप्टेंबर लागता लागता ती झाडांवर घासून हरणं ते सोलून काढतात. त्यामुळे मखमलीसकट शिंगांचं हरीण फक्त या दोन-तीन आठवड्यांत मिळतं आणि काही लोकांना त्याचंच वेड असतं. अण्णांना नाही. अण्णांचं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

मी कोल्हापूरचा. रविवारी मटण, तांबडा-पांढरा, हे आमच्या घरी घड्याळासारखं. आजोबा चित्त्यांच्या गोष्टी सांगायचे. संस्थानच्या काळात कोल्हापुरात शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत, त्यांना काळविटांवर सोडत. लहानपणी ते ऐकताना आम्हाला नेहमी चित्ताच जिंकावा असं वाटायचं, काळविटाकडून कोणी नसायचं. भारतात १९७२च्या कायद्यानंतर हे सगळं संपलं, आणि आमच्या पिढीला हरीण म्हणजे एकतर प्राणिसंग्रहालय नाहीतर बिस्किटाचा पुडा. मटण मात्र पिशवीत घालून मिळतं. पिशवीच्या आधी काय होतं ते मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. अण्णांनी विचारलं तेव्हा हो म्हणण्यामागे हे एक कारण होतं. दुसरं कारण अण्णाच.

झालं असं की जुलैमध्ये एकदा पॅन्ट्रीत कॉफी घेताना ते खाकरले आणि म्हणाले, "मला दोन हात हवेत."

मला वाटलं कुठलं तरी मायग्रेशन असेल.

मग त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी एका रात्री दीड वाजता ते अंगभर गांधी उठून जागे झाले. ओठ सुजलेले, श्वास लागेना. बायकोने दवाखान्यात नेलं. तिथे म्हणे विषबाधा झाली असेल. संध्याकाळी सातला डुकराचं बार्बेक्यू खाल्लं होतं, पण ते सगळ्यांनीच खाल्लं होतं. असं तीनदा झाल्यावर एका शहाण्या डॉक्टरणीने विचारलं, गोचीड चावते का? अण्णा हसले. लोकंट्रीत जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे आपल्याकडे डास चावतात का विचारण्यासारखं.

या आजाराचं नाव अल्फा-गॅल. इथे लोन स्टार नावाची गोचीड असते, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. तिच्या चाव्यातून काहींच्या शरीराला एका साखरेचं वावडं निर्माण होतं. ही साखर गाय, डुक्कर, बकरा, हरीण सगळ्यांच्या मांसात असते, माणसात नसते. कोंबडी-मासे चालतात. गंमत म्हणजे इतर अ‍ॅलर्जी मिनिटांत उठतात, ही दोन ते सहा तासांनी. त्यामुळे कोणाला संबंधच लागत नव्हता. शोधही वाकड्या वाटेने लागला. सेटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरवरचं औषध देताना अमेरिकेच्या आग्नेय भागातल्याच रुग्णांना मोठी रिअ‍ॅक्शन यायची. २००८ साली त्याचं कारण ही साखर असल्याचं छापून आलं, आणि मग मांस आणि गोचीड हे धागे जुळत गेले. त्या संशोधनातले थॉमस प्लॅट्स-मिल्स स्वतः जंगलात फिरायला गेले, गोचिडी चावून घेऊन आले आणि त्यांनाही ही अ‍ॅलर्जी झाली! इतका निष्ठावान टेस्टर मी पाहिला नाही.

तर मुद्दा हा, की अण्णांना हरीण खाता येत नाही. तरी दर वर्षी ते एक मारतात. त्यांची आई ब्याऐंशीची आहे, शेतावरच्या जुन्या घरात राहते आणि तिचा फ्रीजर ऑगस्टात भरला पाहिजे हा नियम अण्णांचे वडील असल्यापासूनचा आहे. फाडण्या-सोलण्याचं काम गेली काही वर्षं भाचा करायचा, कारण डॉक्टरांनी अण्णांना रक्तामांसात हात घालू नका असं सांगितलंय. भाचा यंदा नोकरीसाठी टेक्सासला गेला. बूट त्याचे.

मला म्हणायचं होतं, अहो, आईंना सुपरमार्केटातून आणून द्या की. नाही म्हटलं. आमच्या आईला कोणी बाजारातला मसाला आणून दिला तर काय होतं ते मला माहितेय.

बंदुकीचा प्रश्न नव्हता. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे, पण मी त्या भानगडीत पडलो नाही. मला फक्त हात पुरवायचे होते.

साडेपाचला आम्ही शिडी चढलो. सूर्यास्त आठच्या सुमाराला. म्हणजे अडीच तास न हलता बसायचं. आदल्या दिवशी कपड्यांवर परमेथ्रिन मारून वाळवले होते, ते गोचिडींसाठी. डासांसाठी अण्णांनी फांदीला थर्मासेल टांगलं, छोट्या गॅसच्या नळीवर निळी वडी तापते आणि आजूबाजूला थोडी जागा डासांविना राहते. वाऱ्याची झुळूक आली की ती जागा सरकते. मग ते येतात. आधी गोमाश्या, त्या चावत नाहीत, तुकडा काढतात. मग नो-सी-अम, नावाप्रमाणे न दिसणारी चिलटं, केसांच्या मुळाशी आणि कानांच्या पाळीवर. आणि सूर्य टेकला की खाऱ्या दलदलीतले डास, त्यांना जेवणाची वेळ पाळायची असते. सगळ्यात वाईट काय, तर हात उचलायचा नाही. फटका मारलात तर अडीच तास पाण्यात. माझ्या डाव्या भुवईवर एक डास बसला, मी त्याला पोटभर पिऊन जाताना पाहिलं. शिकारीला येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी कडक अहिंसा पाळली.

समोर ऐंशीएक यार्डांवर मक्याचा ढीग. हो, मका टाकून हरीण बोलवायचं आणि मग मारायचं. खासगी जमिनीवर इथे चालतं. हे मला आधी कळलं तेव्हा खटकलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही खटकतं. पूर्वी इथे कुत्री सोडून हरणं उठवायचे, घोड्यावर बसून, त्यात निदान पळायला वाव होता असं मी अण्णांना म्हणालो. त्यांचं म्हणणं, पळणाऱ्या हरणाला गोळी कुठे लागेल त्याचा भरवसा नाही. मक्यावर उभं असलेलं हरीण नीट बघून, ते आडवं वळलं की मारता येतं, आणि नाही वळलं तर सोडून देता येतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पटलंही नाही. असो.

सातला एक मादी आणि दोन पाडसं आली. पाडसांच्या अंगावर ठिपके होते. या दिवसांत फक्त नर मारता येतो, त्यामुळे आम्ही नुसते बघत बसलो. एक पाडस डासांनी हैराण होऊन कान फडफडवत होतं. मला त्याच्याबद्दल जे वाटलं त्याला बंधुभाव म्हणतात.

आठ वाजून गेले आणि नर आला. कसा आला ते दिसलं नाही. एक क्षण झाडी होती, दुसऱ्या क्षणी तिथे तो होता. शिंगांवर मखमल, त्यामुळे ती जाड, मऊ, जवळजवळ लहान मुलाच्या चित्रातल्यासारखी दिसत होती. माझं हृदय इतकं जोरात वाजत होतं की बाकडं हलेल असं वाटलं. अण्णांनी रायफल उचलली ती इतकी हळू, की त्यांचं बोलणं त्यामानाने वेगवान म्हणावं. मी मनात म्हणत होतो, वळू नको. खरंच म्हणत होतो.

तो वळला.

आवाजाचं काही आठवत नाही. तो उसळला आणि धावला, आणि शेताच्या कडेच्या दलदलीत घुसला. मग एकदम शांत. मग परत डास.

अण्णा म्हणाले, वीस मिनिटं थांबायचं. लगेच मागे गेलं तर जखमी प्राणी उठून आणखी लांब जातो. थंडीत लोक सकाळपर्यंतही थांबतात. मी विचारलं, मग सकाळी येऊ या? अंधारात दलदलीत जायची मला काडीची इच्छा नव्हती. ते म्हणाले, या उकाड्यात सकाळपर्यंत मांस जाईल, आणि त्याआधी कोयोट येतील. मारलं आणि वाया घालवलं, हे त्यांच्याच्याने होणार नाही.

"आणि साप?"

खाकरले. म्हणाले, आहेत. कॉटनमाउथ, पाण्याच्या कडेला. आणि मग अगदी सहज, सर्व्हरचा पासवर्ड सांगावा तसं म्हणाले, की इथे विषावरचं जे औषध वापरतात त्यातलं एक मेंढीच्या रक्तातून बनवतात. आणि दुसरं घोड्याच्या. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरणीने सांगितलंय, साप चावला तर आधी अल्फा-गॅल आहे ते सांगा, मग औषध घ्या. (मी घरी येऊन शोधलं. मेंढीपासूनच्या त्या औषधाने अल्फा-गॅलवाल्याला रिअ‍ॅक्शन आल्याची २०१७ सालची नोंद आहे.) खिशात एपिपेन होतं. फोनला एक काडी रेंज.

मी म्हणालो, "मी पुढे चालतो." शौर्य वगैरे काही नाही. बूट माझ्या पायात होते, त्यांचे बूट त्यांच्या पायात, दोघांचे सारखेच. पण हिशेब साधा होता. मला चावला तर औषध आहे, त्यांना चावला तर औषधाचाच प्रश्न. ते काही बोलले नाहीत, टॉर्च माझ्या हातात दिला. एरवी प्रॉडक्शनमध्ये मला वाचण्यापलीकडे परवानगी न देणारा माणूस.

रक्त मिळालं. गुलाबी, फेसाळ. अण्णा म्हणाले, फुप्फुसं, चांगलं आहे, लांब नसणार. दहा पावलं, एक थेंब पानावर. पुढे सायप्रसची झाडं, त्यांचे गुडघे जमिनीतून वर आलेले, मधे काळं पाणी. प्रत्येक मुळी मला साप वाटत होती. आणि मग एक मुळी खरंच साप निघाली.

आधी ऐकू आला. कोरड्या पानांत शेपटी थरथरवल्याचा आवाज. माझं आजोळ देवगडचं. तिथे कातळावर फुरसं असतं, ते अंगावरचे खवले घासून असाच खरखर आवाज करतं, आणि मामाची शिकवण एकच: आवाज आला की पाय आहे तिथे ठेवायचा, आधी तो कुठे आहे ते बघायचं, मग त्याची वाट त्याला द्यायची. वीस वर्षांनी, अटलांटिकच्या कडेला, माझे पाय मामाच्या सांगण्यावरून थांबले. टॉर्च फिरवला. पाच फुटांवर, जाड, मातकट, वेटोळं घातलेला, आणि तोंड उघडं. तोंडाच्या आत पांढरंशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखं. नाव कोणी दिलं त्याला दाद द्यायला हवी.

फुरसं निदान पळतं तरी. हा हलेना. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं, की जागा माझी आहे, तुम्ही बघा. मागून अण्णांनी माझा पट्टा धरला आणि आम्ही दोघं एकेक पाऊल मागे आलो, मग डावीकडून मोठा वळसा. किती वेळ लागला सांगता येत नाही. शर्ट असा भिजला होता की परमेथ्रिन, घाम आणि भीती यांचा वेगवेगळा वास यायचा बंद झाला होता.

हरीण त्याच्यापुढे तीसेक पावलांवर पडलं होतं. डोळे उघडे. अण्णांनी लांब काठी डोळ्याला लावून पाहिली, मग टोपी काढली आणि काही क्षण उभे राहिले. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. मग जागेवरच शिंगाला टॅग बांधला, त्याशिवाय हलवायचं नाही असा नियम आहे.

शेतापर्यंत ओढत आणायला अर्धा तास लागला. साठेक किलो असेल. आणि मग माझं काम सुरू झालं. मी हातमोजे घालून गुडघ्यांवर, अण्णा टॉर्च धरून चार फुटांवर. रात्री दोनच्या प्रॉडक्शन कॉलवर ते सूचना देतात तशाच आवाजात, न चुकता, न घाई करता. बरगड्यांच्या खाली छोटा छेद. आता दोन बोटं आत घाल, कातडी वर उचल, सुरी बोटांच्या मधून, धार वरच्या बाजूला. पोट फुटू देऊ नकोस. आता पडदा काप. आता हात वर घाल, खांद्यापर्यंत, श्वासनळी सापडेल.

आत गरम होतं. बाहेरच्या हवेपेक्षाही गरम. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा हात खांद्यापर्यंत एका प्राण्यात होता जो तासापूर्वी मका खात होता, आणि तो आतून तापलेल्या माणसाच्या काखेसारखा उबदार होता. मला उलटी येईल असं वाटलं होतं, आली नाही. रडू येईल असं वाटलं नव्हतं, ते थोडं आलं. अंधार होता, आणि तोंडावर डास इतके होते की पुसायला कारणही होतं. अण्णा म्हणाले, "सावकाश." ते एकच वाक्य खाकरल्याशिवाय.

माश्या अंधारातही आल्याच. मग बर्फाच्या पिशव्या. चार पोटात, बाकी वरून. उकाड्यातल्या शिकारीत गोळीपेक्षा बर्फ जास्त लागतो, हे अण्णांचं तत्त्व, ट्रकमध्ये खोकाभर होता.

अण्णांची आई जागी होती. व्हरांड्यात दिवा लावून बसली होती. तिने हरणाकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पोरा, आधी पँट बदल, माझ्या खुर्चीवर तसाच बसू नकोस." बाथरूममध्ये मोजे काढले तेव्हा कळलं. पँट बुटात न खोचता बुटांवरून सोडायचा शहाणपणा माझाच. मोज्याच्या वरच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपके, आणि ते चालत होते. गोचिडींची पिल्लं, शंभर तरी असतील. म्हातारीने खोकी बंद करायची चिकटपट्टी आणून दिली, त्वचेवर लावायची आणि ओढायची. मी पाय ओढून काढत होतो आणि ती दाराबाहेरून विचारत होती, किती झाले? अण्णा पलीकडे गप्प. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे साधं नाही.

चावलेले सव्वीस निघाले.

दोन आठवड्यांनी अण्णांनी ऑफिसात एक थर्माकोलचा डबा दिला, आत चार पुडे. आईला फोनवर सांगितलं तर आधी शांतता, मग "हरणाचं? पाप लागेल रे," आणि मग पाचव्या मिनिटाला, "आलं जास्त घाल, आणि कांदा-लसूण मसाला कोणता आहे तुझ्याकडे, मागच्या वर्षीचा? टाकून दे तो." चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे आपल्या मटणापेक्षा कोरडं होतं, तेल सढळ लागतं. मी दोन पुडे तेव्हा केले. हात गरम होता ते आठवलं, आणि तरी खाल्लं.

अल्फा-गॅल व्हायचंच असेल तर चावल्यानंतर साधारण महिना-दीड महिन्याने कळतं म्हणतात. मुहूर्त आता उलटून गेलाय. रक्ताची तपासणी करता येते, अण्णा दर सोमवारी विचारतात, केलीस का. केलेली नाही. कोल्हापूरच्या माणसाने असा रिपोर्ट कोणत्या तोंडाने वाचायचा? त्यापेक्षा काल रात्री उरलेल्यातला एक पुडा काढला, रस्सा केला, आठला जेवलो. अण्णांनी स्वतःहून फोन केला, घरी एकटा आहेस का, आणि मग मी नाही म्हणेपर्यंत ठेवला नाही. रूममेटला सगळं समजावून ठेवलं. त्याने घाबरून स्वतः फक्त भात खाल्ला.

दहा वाजले. बारा वाजले. पोटरीला खाज सुटली, बघितलं तर जुनाच चावा. दोन वाजता झोपलो.